भिंतीवरची खाडी

माझ्या चित्रांत माणूस नसतो, झाड नसतं, होडी नसते. नुसते रंग एकमेकांत शिरलेले असतात. आता असल्या चित्रांना काहीतरी भारदस्त नाव आहे, आणि शिकलेली माणसं मला विचारतात, बाई, तुम्ही या वाटेला कशा लागलात? त्यांना वाटतं मी काही वाचलं असेल, कुठल्या थोर चित्रकाराचं बघितलं असेल. खरं सांगितलं की त्यांचा हिरमोड होतो. खरं म्हणजे मी दमलेली असायचे. माडाच्या झावळीची एकेक पात काढायला अंगात त्राण लागतं. ओल्या कागदावर रंग सोडायला तेवढं लागत नाही.

पन्नास ते साठ सालांमधली ही गोष्ट. मी तेव्हा वालावलच्या बाजूला, खाडीकाठच्या एका लहान गावात प्राथमिक शाळेत शिकवत होते. नवरा मुंबईला एका कचेरीत कारकून. चतुर्थीला यायचा, रजा मिळाली तर शिमग्यालाही. सासरे होडीवर होते. ते माझ्या लग्नाआधीच गेले. घरात मी आणि सासू, आम्ही दोघीच. मला मूल झालं नाही. त्यावर गावाला जे बोलायचं होतं ते बोलून झालं होतं आणि मीही ऐकून ऐकून दमले होते.

चित्रांचा नाद लागला तो मास्तरणीच्या ट्रेनिंगला असताना. तिथले ड्रॉइंगचे मास्तर आम्हाला एकच चित्र पुन्हा पुन्हा काढायला लावायचे: मागे डोंगर, डोंगरातून वर येणारा सूर्य, पुढे झोपडी, शेजारी वाकलेला माड. माझं शिरोड्याचं माहेर समुद्रावर. तिथे सूर्य पाण्यात बुडताना बघितलेला, डोंगराच्या फटीतून वर येताना कधी बघितला नव्हता. पण मास्तर म्हणतील ती पूर्व दिशा. पाण्याचे रंग मात्र मला तेव्हाच आवडले. तेलाच्या रंगासारखे ते थापायचे नसतात, खालचा कागद त्यांतून दिसतो. एक पत्र्याची पेटी आणि दोन ब्रश घेऊन मी सासरी आले. सासूने पेटी उघडून बघितली, बोटाने एक वडी चाचपली आणि म्हणाली, "खाऊचा काय ह्या?" मी नाही म्हटलं, तशी तिने पेटी परत दिली.

शाळा सुटल्यावर घरी येऊन विहिरीचं पाणी काढायचं, गोठा बघायचा, दिवे पुसायचे, मग चुलीवर भात ठेवायचा. भात शिजेपर्यंतचा वेळ माझा. घरापुढच्या खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, पायरीवर बसलं की खाली उतरत गेलेलं माडा-पोफळींचं कुळागर, त्याच्या पलीकडे खाडी. पहिली काही वर्षं मी इमानेइतबारे होड्या आणि माड काढले. होडीची एक बाजू पुरी व्हायची, तोवर उजेड जायचा आणि आत भात उतू जायचा. अशा अर्ध्या होड्या किती झाल्या असतील कोण जाणे. एकदा संध्याकाळी असाच एक अर्धा माड बघून मी इतकी चिडले की कागद सरळ पाण्याच्या घमेल्यात बुडवला. माड पुसला गेला. कागद पायरीवर पसरून, जे हाताला लागेल ते रंग मी त्याच्यावर सोडले. तांबूस पिवळ्यात शिरला, निळा खालून वर चढला, मध्ये कुठेतरी कागद कोरा राहिला आणि तिथे उजेड पडल्यासारखं दिसलं. समोर खाडीवर त्या वेळी तेच चाललं होतं. भात उतू गेलाच, पण त्या दिवशी मला त्याचं काही वाटलं नाही.

मग मी तसंच करत गेले. पावसाळ्यात तर फार मजा, कारण आमच्या हवेत कागद वाळायचं नावच काढत नाही. चुलीवरच्या फळीवर कोकमसोलांच्या आणि सुक्या बांगड्यांच्या मडक्यांशेजारी मी चित्रं वाळत ठेवायचे. सकाळी बघावं तर निळा रंग आपल्या मर्जीने आणखी पुढे गेलेला. माझ्या चित्रांना धुराचा आणि सुक्या मासळीचा वास असायचा. काहींना अजून आहे.

हे बघून लोक काय म्हणत, ते सांगण्यात काही हशील नाही. शेजारणीने एक चित्र ब्रश पुसायचा कागद समजून बाजूला ठेवलं. आमच्या हेडमास्तरांनी एक बराच वेळ न्याहाळलं आणि म्हणाले, "सुरुवात चांगली आहे." नवरा स्वभावाने गरीब. मुंबईहून येताना न विसरता कागद आणायचा, पण चित्र पुढे केलं की त्याच्या चेहऱ्यावर वरच्या साहेबाने इंग्रजीत काही विचारल्यासारखा भाव यायचा. मी त्याला चित्रं दाखवणं बंद केलं. त्यालाही सुटल्यासारखं झालं असावं.

आणि सासूला दाखवायचा प्रश्नच नव्हता. ती बाई फटकळ तोंडाची. अंगाने किरकोळ, नवऱ्याबरोबर होडीवर आयुष्य गेलेलं, अक्षरओळख नाही. मला ती घालूनपाडून बोलायची नाही, पण लाडही कधी केले नाहीत. असं असताना एका संध्याकाळी ती मागून आली, माझ्या खांद्यावरून कागदाकडे वाकून बघितलं आणि म्हणाली,

"पाणी भरान इला. आता थोड्या येळान ओहटी लागतली."

मी वळून बघितलं. ती खाडीकडे बघत नव्हती, कागदाकडेच बघत होती.

"आये, ह्या तुमका खाडी दिसता?" मी विचारलं.

"मगे काय दिसतला? पेज?" ती म्हणाली आणि आत गेली.

त्या दिवशी मला जो आनंद झाला, तसा पुढे शहरातल्या लोकांनी चित्रं भिंतीवर लावली तेव्हाही झाला नाही. हे मी उगाच म्हणत नाही. कोणीही सांगितलेलं नसताना, ज्या बाईने कधी पाटीवर रेघ ओढली नाही तिने माझ्या कागदावरची भरती ओळखली होती. तेव्हापासून रोज भात चढवल्यावर ती येऊन वरच्या पायरीवर बसायला लागली. बोलायची थोडं, पण नेमकं. "हयसर रंग जड झालो." "ही सांज नाय, ही सकाळ." एकदा मी हिरव्यात काळा घातला तर म्हणाली, "पावसाचा पाणी असा मळका नसता. तुजा मन मळका आसा आज." शाळेत त्या दिवशी खरंच वाजलं होतं. मी मनात म्हटलं, आपल्याला एक बघणारं माणूस मिळालं. एक पुरतं.

त्याच सुमाराला घरातलं माझं काम वाढत चाललं होतं. सासूने तांदूळ निवडायचं सोडलं. "कंटाळो इलो," म्हणाली. मग मासे साफ करायचं सोडलं. मग सुईत दोरा मी ओवायला लागले, विहिरीवर तर ती जाईनाशीच झाली. मला वाटलं, वय झालं, आणि सून आहे म्हटल्यावर थोडा आळसही येतो माणसाला. सगळं माझ्यावर आलं. सकाळी शाळेत पोरं पाढे म्हणायची आणि मी खुर्चीत बसल्या बसल्या पेंगायचे. संध्याकाळची पायरी तेवढी होती, तेवढ्यावर माझं चाललं होतं.

अशात चतुर्थी आली.

आमच्याकडे चतुर्थीआधी गणपतीच्या मागची भिंत रंगवतात. आधी चुन्याचा हात द्यायचा, मग त्यावर कमळं, वेल, मोर आणि दोन्ही अंगांना हत्ती. पुढच्या वर्षी त्याच्यावर चुना फिरवून पुन्हा नवं चित्र. वाडीतल्या सगळ्या भिंती एकच रंगारी करायचा. त्या वर्षी तो गोव्याला कामावर गेला आणि वेळेवर आलाच नाही. घराघरांत धांदल उडाली. कोणी कॅलेंडरं चिकटवली, कोणी साडी टांगली. आमच्या सासूने मात्र मला हुकूम सोडला, "तू काड."

मी म्हटलं, मला हत्ती येत नाही.

"हत्ती कोणाक होयो? आमची खाडी काड. गणपती खाडीत्सूनच जाता मा मगे?"

हे तिचं बरोबर होतं. आमचे गणपती त्याच पाण्यात पोचवतात. मी भिंतीला चुना लावला आणि तो ओला असतानाच काम सुरू केलं. पेटीतले रंग एवढ्या भिंतीला कुठे पुरणार? काव घेतली, कपड्यांची नीळ घेतली, चुलीतला कोळसा वाटला. आणि हळद घेतली. चुन्याला हळद लागली की लाल होते, हे बायकांना सांगायला नको. ओल्या चुन्यात हळदीचं पाणी सोडलं की ते आधी पिवळं पसरायचं आणि बघता बघता तांबडं व्हायचं, अगदी सांज उतरते तसं. खिडकीखालचा कोपरा तेवढा मी सोडला, कारण तिथे खरीच ओल होती आणि चुना धरत नव्हता. हात भरून आले, मान मोडून आली. पण काम झाल्यावर मागे सरून बघितलं आणि माझं मलाच भरून आलं. आयुष्यात पहिल्यांदा माझं चित्र माझ्याहून मोठं होतं.

पावसात मुंबईची बोट बंद असते. नवरा मोटारीने घाट उतरून, अंग आंबवून घरी पोचला. भिंतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "बरा झाला." एवढंच. गणपती बसला, वर माटवीच्या लाकडी चौकटीला तेरडा आणि कवंडळाची फळं टांगली, आणि संध्याकाळी वाडीतली माणसं आरतीला जमली.

आरती झाली. प्रसाद वाटताना एक म्हातारा भिंतीकडे टक लावून बघत होता. काळजीने त्याने माझ्या नवऱ्याला विचारलं, "भिंतीक ओल इली काय रे?"

दुसरा म्हणाला, "इली म्हणजे? वरपासून खालपर्यंत इली आसा. कौला बघूक होयी होती."

कोणाचाही हेतू वाईट नव्हता. आमच्याकडे पावसाळ्यात भिंतीवर तांबडे, निळे, काळे डाग पडतात, आणि घरात गणपती असताना भिंत ओली म्हणजे मालकाला काळजीच. सगळे कौलांबद्दल बोलायला लागले. कुठून पाणी झिरपत असेल, यावर दोघांची जुंपलीसुद्धा. माझा चुलत दीर तर इतका मायाळू की घरी जाऊन निखाऱ्यांनी भरलेली शेगडी घेऊन आला आणि माझ्या सांजेच्या पायथ्याशी ठेवून म्हणाला, "वैनी, सकाळपर्यंत सुकतली. काळजी करू नको."

नवऱ्याची पंचाईत झाली. चित्र आहे म्हणावं तर हसं, ओल आहे म्हणावं तर बायको समोर उभी. मी पंचखाद्याचं ताट हातात घेऊन उभी राहिले. मला रडू येत नव्हतं, नुसतं कुठेतरी आडवं व्हावंसं वाटत होतं.

तेवढ्यात सासू कडाडली. "आंधळे काय रे तुमी? ओल खंयची? ती खाडी आसा आमची. माज्या सुनेन काडल्यान. ती बघा सांज. आणि थंय बघा, ती काळी दिसता ती होडी. कशी जाता बघा!"

आणि तिने बोट दाखवलं. बोट खिडकीखालच्या कोपऱ्याकडे होतं. तिथे मी रंगाचा एक थेंबसुद्धा लावला नव्हता. तिथे खरी ओल होती, वर काळी बुरशी धरलेली.

माणसं हसली. म्हातारी सुनेची बाजू घेते आहे, असं त्यांना वाटलं आणि ती कौतुकाने हसली. मला हसू आलं नाही. नवऱ्यालाही आलं नाही. त्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासू खळ्यात बसलेली असताना तो तिच्यासमोर उभा राहिला. हातात तांब्या होता. "आये, माज्या हातात काय आसा, सांग बघू."

तिने डोळे बारीक केले. "नारळ," म्हणाली.

तो खाली बसला. "कदीपासून दिसत नाय?"

"दिसता मगे. रंग दिसतत. माणसा चालतत ती दिसतत. तुका काय करूचा?"

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. तांदूळ का सोडले, विहीर का सोडली, सगळं एका क्षणात लागलं. आणि त्याच्याबरोबर दुसरंही लागलं. माझ्या मागे बसून जी भरती ओहोटी ओळखत होती, तिला कागदावर काय, जगातच रंगांच्या डागांपलीकडे काही दिसत नव्हतं. मी जिला जाणकार समजत होते, ती आंधळी होत चालली होती. माझी चित्रं बघणारं एकुलतं एक माणूस, आणि ते असं. शेगडीपेक्षा हे मला जास्त लागलं. शेगडीवर निदान पुढे हसता तरी आलं.

नवऱ्याने सुट्टी संपताना सांगितलं, "थंडीत तालुक्याक डोळ्यांचा शिबिर भरतला. तू बघून घे." तू बघून घे. माझ्या संसाराच्या चौकटीवर एवढे शब्द कोरून ठेवले असते तरी चाललं असतं.

सासू तयार होईना. वाडीतली एक बाई डोळा कापून घ्यायला गेली ती होता तेवढा उजेडही घालवून आली होती, हे तिच्या मनात बसलेलं. मी समजावलं, भांडले, एक दिवस बोलणं सोडलं. शेवटी ती म्हणाली, "माका तुजी खाडी दिसता मा? मगे पुरे आसा. आणखी काय बघूचा ह्या वयात?"

हे तिने म्हणायला नको होतं. मी तशीच चुलीपुढे बसून राहिले. तिचे डोळे उघडले तर तीही उद्या भिंतीवर ओलच बघणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. ते नाही उघडले तर ती एक दिवस विहिरीत पडणार, हेही ठाऊक होतं. यात निवडायचं असं काही नव्हतंच. पण मन शहाणं असतं तर माणसं इतकी दमली नसती. मी म्हटलं, "आये, तांदळातले खडे दिसतत तुमका? नाय मा? मगे चला."

तिच्या डोळ्यांचं काम झालं ते एका शाळेच्या खोलीत, म्हणजे माझ्या ओळखीच्याच जागी. बाकं बाहेर काढून जमिनीवर चटया टाकलेल्या, फळ्यावर कोणीतरी अर्धवट पुसलेलं गणित. ऑपरेशननंतर डोळ्यांवर पट्ट्या आणि डोक्याच्या दोन्ही अंगांना वाळूच्या पिशव्या, मान हलता कामा नये म्हणून. खोकायचं नाही, चावायचं नाही. मी तिला चमच्याने पेज भरवायचे आणि उरलेल्या वेळात भिंतीला टेकून बसायचे. मला तिथेही झोप यायची. मी जरा डुलकी घेतली की ती विचारायची, "भायर कसलो रंग आसा गो?"

"निळो," मी सांगायचे.

"निळो म्हणजे कसलो? धुतलेलो काय मळको?"

मग उठून दारात जाऊन बघावं लागे. धुतलेला होता. खालच्या कडेला जरा दुधट. मी तसं सांगितलं की ती "हां" म्हणायची आणि गप्प व्हायची. मग थोड्या वेळाने पुन्हा, "आता?" पेटी घरी, ब्रश घरी, आणि मी दिवसभर दारात उभी राहून एका आंधळ्या बाईला आभाळ तोंडी रंगवून देत होते. मला वाटतं, तिच्यासाठी मी काढलेली तीच शेवटची चित्रं. निदान तेव्हा मी तशीच मनाशी गाठ मारली होती.

पट्ट्या निघाल्या. डोळे वाचले. काही आठवड्यांनी जाड भिंगांचा चष्मा आला, त्याच्यामागे तिचे डोळे घुबडाएवढे मोठे दिसायचे. चष्मा लावून ती घरात शिरली आणि पहिली नजर गेली ती आढ्याच्या जळमटांकडे. मग तुळशीचा चुना उडालेला, दिव्यांच्या काचा काळ्या, माझ्या लुगड्याची किनार फाटलेली. एकेक बघत, बडबडत ती फिरत होती. शेवटी माझ्यासमोर उभी राहिली आणि अचानक तिची बडबड थांबली.

"गो," ती म्हणाली, "तू इतक्या कदी सुकलंस?"

तिने माझा हात उलटा करून बघितला, मग सोडून दिला. दुसऱ्या दिवसापासून तांदळाचं सूप तिने माझ्या हातातून काढून घेतलं.

चित्रं तिने आपणहून मागितली. मी फळीवरून काढून दिली. तिने एक जवळ धरलं, लांब धरलं, उजेडात नेलं.

"ह्यात खाडी खंय आसा?"

"आसा थंयच."

"माका दिसत नाय गो." तिच्या आवाजात ओशाळलेपण होतं, नकारापेक्षा मला तेच जास्त नको होतं. मग ती खरं तेच म्हणाली, कारण खोटं तिला येत नव्हतं. "पाणी सांडल्यासारख्या दिसता."

मी चित्रं पुन्हा फळीवर ठेवली, आणि पेटीही. रंगवणं थांबवलं. त्याचं मोठं दुःख वगैरे केलं नाही. दुःख करायलाही सवड लागते. उन्हाळा गेला, पाऊस आला. चतुर्थीला रंगारी गोव्याहून हजर. त्याने माझ्या खाडीवर चुना फिरवला, दोन हातांत भिंत पांढरी झाली, आणि त्यावर कमळं आणि हत्ती आले. आरतीला आलेल्या माणसांनी तोंडभर वाखाणणी केली, कौलांचा विषय कोणी काढला नाही. सासू चष्म्यातून भिंतीकडे बघत म्हणाली, "ह्या हत्तीचो एक डोळो ल्हान आसा." तेवढंच.

गणपती गेले, नवरा मुंबईला गेला. आता संध्याकाळची चूलही सासूने घेतली होती. "भात मी बघतंय, तू भायर बस," म्हणायची. मी बाहेर बसायचे. रिकाम्या हातांनी खाडीकडे बघत, बऱ्याचदा खांबाला टेकून तशीच झोपून जायचे. इतक्या वर्षांत मिळाला नव्हता एवढा वेळ आता माझ्या हातात होता आणि त्याचं काय करायचं ते कळत नव्हतं.

अशीच बसले असताना एकदा ती बाहेर आली. हातात माझी पेटी. वड्यांना भेगा गेलेल्या, ब्रशावर बुरशी. "ह्या कित्याक वर ठेवलंस?" तिने विचारलं.

मला राग आला. इतक्या महिन्यांनी आला. "तुमका दिसत नाय म्हणून," मी म्हटलं. "कोणाकच दिसत नाय म्हणून."

तिने पेटी पायरीवर ठेवली आणि आत गेली. मला वाटलं, रागावली. पण ती बाहेर आली ते एक जुनं चित्र घेऊन, धुराने कडा पिवळ्या पडलेलं. माझ्याशेजारी वरच्या पायरीवर टेकली. चष्मा काढला, घडी करून पदरात ठेवला, आणि चित्र हात लांब करून समोर धरलं. चष्म्याशिवाय तिला आता पूर्वीपेक्षाही धूसर दिसायचं, फक्त मोतीबिंदूची पिवळी झाक तेवढी गेली होती. तिचे ते बारके, उघडे डोळे कागदावर फिरत राहिले.

"हां," ती म्हणाली. "पयली पिवळी होती. आता निळी झाली. पण खाडी तीच."

मग कागदाच्या खालच्या कडेला बोट ठेवून म्हणाली, "पाणी भरान इला."

चित्र तिने माझ्या मांडीवर ठेवलं. पदरातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि चुलीकडे गेली. आतून झाकणाचा आवाज आला. मी पेटीकडे बघत तशीच बसले होते.

"बसून काय ऱ्हवलंस?" ती आतून ओरडली. "भात शिजाक अजून येळ आसा."